चुलीपाशी ठेवलेला पाट

धाकट्या लेकीचं, दिपाचं, लग्न तोंडावर आलं आणि मोतीबाईला घोर लागला. काळजी मानपानाची नव्हती, थोरल्या लेकीची, निलमची होती. साखऱ्याजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यात पाठवणीच्या वेळी नवरी घरच्या एकेका बाईच्या गळ्यात पडून सुरात रडते आणि ती बाईही तिला तशीच रडत उत्तर देते. याला ढावलो म्हणतात. निलमच्या पाठवणीत मोतीबाईने जीव ओतून ढावलो गायला, आणि नवरी मात्र कानांवर हात ठेवून खांबासारखी उभी! तेव्हापासून चुलती द्वारकाबाई तिला तोंडावर दगड म्हणे. त्यात निलमची माहेरी येण्याची तऱ्हा अशी, की ना कुणाला रामराम, ना विचारपूस. चपला काढल्या की थेट चुलीपाशी. मोतीबाई शरमेने अर्धी होई.

म्हणून या वेळी तिने निरोपच धाडला, की लग्नाला ये, पण पाठवणी होईपर्यंत आत बसून राहा.

निलम नवऱ्याला, प्रेमदासला, घेऊन लग्नाआधीच येऊन दाखल झाली. वसमतला ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. गोंगाटात जीव घाबरा होतो म्हणून तिने नांदेडच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं. बऱ्याच भेटींनंतर बाईंनी सांगितलं, की ती जन्मापासूनच ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. तिशी उलटल्यावर तिला हे कळलं होतं, आणि आता तिने ते आईला सांगितलं.

मोतीबाईने कपाळाला हात लावला. औषध काय, नजर कुणाची लागली, आपलंच काही चुकलं का, असं ती विचारत सुटली. प्रेमदासने शांतपणे समजावलं, की हा रोग नव्हे, डोक्याची ठेवणच निराळी असते. आवाज, स्पर्श, गर्दी सगळं तिच्यावर एकदम कोसळतं.

"मामी, तुमी सगळे तिच्या डोळ्यात पाणी शोधून राहिले," तो म्हणाला. "तिला कवा इचारलं का?"

खरंच, कधी विचारलं नव्हतं. मोतीबाई लेकीकडे वळली. "त्या दिवशी काहून रडली न्हाईस गं?"

निलम भिंतीकडे बघत याडीला, म्हणजे आईला, म्हणाली, "रडले असते तर ऐकू आलं नसतं, याडी. समद्यायच्या बांगड्या वाजत होत्या. म्या कान दाबले अन् तुझा एकटीचा आवाज धरला. तू म्हणलीस, सांजच्याला शेळ्या दारात उभ्या राहतील, त्यायला मी काय सांगू? मंग म्हणलीस, चुलीपासचा तुझा पाट मी उचलणार न्हाई. मंग तुला ठसका लागला."

मोतीबाई थक्क झाली. ढावल्याचे शब्द त्या घटकेला सुचतात आणि तिथेच विरतात. तिचे तिलाच आठवत नव्हते. मायेचा एक एक शब्द जपून ठेवला होता, तो या दगडाने!

"पाट अजून तिथंच हाय," निलम म्हणाली. "मी आले की आधी त्योच पाह्यते."

मोतीबाईला उमगलं. आपण ज्याला उद्धटपणा समजत होतो, ती लेकीची माया होती. तिला रडू फुटलं, पण तिने लेकीला मिठी मारली नाही. नुसता हात पुढे केला. निलमने तो घट्ट दाबला.

पाठवणीला द्वारकाबाईने सगळ्यांदेखत विचारलंच, "थोरलीला कुठं लपवलं?"

मोतीबाईने दिपाचा हात धरला आणि तिला घरात नेलं. निलम आपल्या पाटावर बसली होती. मागे आलेल्या बायांना मोतीबाईने दारातच थांबवलं. "तिची रीत निराळी हाय. गप ऐका."

दिपा समोर बसली. निलमने तिचे तळवे दाबून धरले आणि साध्या आवाजात, ना सूर ना आसू, म्हणाली, "तुझा पाट माझ्या बाजूला राहील. मी आले की दोन्ही पाहीन."

दारात उभ्या द्वारकाबाईने पदर तोंडाला लावला, आणि मग हळूच आपल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, वाजू नयेत म्हणून.

मंडळी, असं माणूस आपल्याही घरात, कचेरीत, शेजारी असतं. आपण त्याला घुमं, माणूसघाणं, दगड म्हणून मोकळे होतो. माया दाखवायची आपली रीत तेवढी खरी, असं समजू नका. त्याला विचारा, आणि ते माणूस सांगेल ते ऐका.