आठ हातांतला एक

मी थाळ बोलतोय, सुरतेतल्या एका बोहरा घरातला. तांब्याचा, कल्हई करून करून झिजलेला आणि खरं सांगायचं तर थकलेला. चाळीस वर्षं झाली, दिवसातून दोनदा आठ माणसं माझ्याभोवती मांडी घालून बसतात आणि सगळी माझ्यातूनच जेवतात. दमणार नाही तर काय?

रशीदाबाईंच्या लग्नात मी या घरात आलो. तेव्हापासून माणसांची भूक बघतोय. त्यांच्या थोरल्या मुलाचं, मोईझचं पोट भरलेलं असतं, पण भावाचा हात मटणाच्या तुकड्याकडे वळला की त्याला पुन्हा भूक लागते. मुलांचं पोट दुधी पाहिल्याबरोबर दुखतं आणि समोसे आले की थांबतं. भूक फक्त पोटात असते असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा माझ्याजवळ येऊन बसावं.

पण माझ्यात एक खोट आहे. माझ्यात कुणाचा वाटा वेगळा दिसत नाही.

धाकटी सून अरवा. गेल्या वर्षी तिचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. काही दिवसांनी ती पुन्हा माझ्यापाशी येऊन बसली तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. तिचा हात सारखा फिरत असायचा. भात कालवायची, मटणाचा तुकडा पुतणीपुढे सरकवायची, पुन्हा भात कालवायची. हात तोंडाकडे मात्र क्वचितच जायचा.

माझ्यात एक दाणाही उरू द्यायचा नाही, अशी या लोकांची रीत. शेवटी उरलेले चार दाणे अरवा बोटानं पुसून खायची. थोरली जाऊ बतूल हसायची, "आमची अरवा थाळ धुवायचं कामच ठेवत नाही बाई."

"खातेय ना, खाऊ दे," रशीदाबाई म्हणायच्या. "त्यानंच सावरेल."

मला सगळं कळत होतं, पण सांगू कसं?

एका दुपारी मला उचलताना ती चक्कर येऊन पडली. घरी आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "जेवण कसं आहे?"

"आमच्याबरोबरच जेवते की," सगळे म्हणाले.

"किती जेवते?"

कुणालाच सांगता येईना. इतके महिने हाताला हात लागेल एवढ्या जवळ बसून जेवत होते सगळे. मला फार लाज वाटली.

मग तिला वेगळं ताट आलं. भात मोजून, आणि समोर नवरा जुझर, "अजून दोन घास, माझ्यासाठी." असे डोळे लावून बसल्यावर कुणाला घास उतरेल? ताट जसंच्या तसं परत जायचं.

पाचव्या दिवशी रशीदाबाईंनी ते ताट उचलून बतूलच्या हातात दिलं. "हे आत ठेव. अरवा, तू ये, माझ्या शेजारी बस."

"मा, भूक नाहीये."

"मग नको जेवू. मीही नुसती बसते."

मोठ्यांनी घास घेतल्याशिवाय इथे कुणी हात लावत नाही. मुलं चुळबुळली. डाळीच्या पाण्याचं पलीदु गार होत चाललं. मग रशीदाबाई हळूच म्हणाल्या, "मोईझच्या आधी माझीही दोन बाळं गेली. वर्षभर तोंडाला चव नव्हती. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुला तरी मी विचारायला हवं होतं."

अरवा सगळ्यांसमोर रडली, पहिल्यांदाच. खूप वेळ रडली आणि मग तिनं एक घास घेतला. रडल्यावरही भूक लागते, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.

आता बतूलला स्टीलचा हलका थाळ हवाय. येऊ दे, मला राग नाही. माझी पाठ खरंच भरून आलीय. पण त्यालाही बोलता येणार नाही, म्हणून जाता जाता तुम्हालाच सांगतो. शेजारच्याचा हात तोंडापर्यंत जातोय का, तेवढं बघत जा.

परवा रात्रीच्या जेवणाला अरवानं भातावर पलीदु घेतलं, दोन घास खाल्ले आणि तोंड वाकडं केलं. "भाभी, मीठ कमी पडलंय."

स्वयंपाक बतूलचा होता. एरवी तिनं आठ दिवस अबोला धरला असता. तिनं डोळे पुसले आणि मिठाची वाटी अरवापुढे सरकवली.