सतरा नंबरसमोरचा डबा

गल्लीत सदतीस घरं होती. एका बाजूला एकोणीस, दुसऱ्या बाजूला अठरा. रस्त्याच्या कडेला उभ्या चारचाकी सकाळी दहा वाजता बावीस, संध्याकाळी सातला एकेचाळीस. दिव्याचे खांब नऊ, सगळे एकाच बाजूला, फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेवर. झाडं सहा, त्यातलं एक वाळलेलं. विजेवर चालणाऱ्या गाड्या चार. तीन आवारात उभ्या राहायच्या. चौथी रस्त्यावर, सतरा नंबरसमोर. तिच्यासाठी वरच्या मजल्याच्या गॅलरीतून एक नारिंगी वायर खाली सोडलेली असायची, फुटपाथवरून आडवी गेलेली, वर पायपुसणं टाकून झाकलेली.

ही मोजणी मी तीन दिवस केली. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नगरपालिकेच्या विद्युत विभागात लागून मला पाच महिने झाले होते आणि हे माझं पहिलं स्वतंत्र काम होतं. गल्लीत गाड्या चार्ज करण्याचे पाच डबे बसवायचे होते. त्याआधी लोकांना विचारायचं, म्हणजे हरकती आणि सूचना मागवायच्या. घरोघरी पत्र, एकवीस दिवसांची मुदत, मग शाळेच्या हॉलमध्ये सभा.

एकवीस दिवसांत त्रेचाळीस कागद आले. एकोणीस बाजूने, अकरा विरोधात. उरलेले तेरा तुंबलेल्या गटारावर, भटक्या कुत्र्यांवर आणि एक माझ्या पत्रातल्या दोन चुकांवर. तो शेवटचा हरकतकाकांचा. हे गृहस्थ निवृत्त मुद्रितशोधक होते आणि नगरपालिकेने काहीही काढलं की हरकत घ्यायचे, म्हणून विभागात त्यांना सगळे याच नावाने ओळखत.

विरोधातल्या अकरांपैकी दहांना उत्तर देणं सोपं होतं. "डब्यातून किरणं येतील" वगैरे. अकरावी हरकत, आमच्या रजिस्टरला सव्वीस क्रमांकाची, शिवणकामाच्या खाकी कागदाच्या तुकड्यावर होती.

"सतरा नंबरसमोर डबा बसला तर आमच्या ह्यांना एकट्याने चालावं लागेल. एकट्याने ते चालत नाहीत. डबा नको असं नाही. तिथे नको. नाव कुणाला सांगू नये."

हरकतदाराचं नाव बाहेर सांगायचं नाही हा आमचा नियमच होता. सभेत फक्त क्रमांक वाचायचा. पण हे पत्र लिहिणारी बाई राहत होती सतरा नंबरच्याच तळमजल्यावर, आणि डबा हवा असणारा टॅक्सीवाला राहत होता त्याच घराच्या वरच्या मजल्यावर. ती त्याची सख्खी वहिनी होती.

टॅक्सीवाल्याची अडचण मला तोंडपाठ होती, कारण तो दर सोमवारी ऑफिसात येऊन ती सांगायचा. टॅक्सी कंपनीची, भाड्याने घेतलेली. गॅलरीतल्या वायरीबद्दल आमच्याच विभागाने त्याला नोटीस दिली होती, आणि ते बरोबरच होतं. कंपनीची अट अशी की चालकाच्या घराच्या दारापासून पन्नास मीटरच्या आत अधिकृत चार्जिंगची सोय हवी. महिनाअखेरपर्यंत तसा दाखला दिला नाही, तर गाडी परत.

"आधी सात वर्षं दुसऱ्याची गाडी दुसऱ्याच्या वेळेवर चालवली, ताई," तो म्हणायचा. "आता कुठे संध्याकाळी दादाबरोबर बसायला मिळतं. तेवढा डबा बसवा, मी रोज पुसून ठेवीन."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली, पुढे थोडी परत आली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. म्हणून रोज सकाळी वहिनी त्याला वॉकरसकट बाहेर काढायची आणि एका हाताने त्याचं कोपर धरून शेजारून चालायची.

नियम मला माहीत होता. डबा बसवल्यावर फुटपाथवर किमान नव्वद सेंटीमीटर मोकळी वाट राहिली पाहिजे. सतरा नंबरसमोर फुटपाथ दीडशे सेंटीमीटर. कडेपासून वीस सोडायचे, डब्याची खोली बत्तीस. उरले अठ्ठ्याण्णव. हरकत क्रमांक सव्वीस नियमात बसत नव्हती. मी फाईलवर तसा शेरा लिहिला.

पण "एकट्याने ते चालत नाहीत" हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून सभेच्या आदल्या दिवशी मी पुठ्ठ्याचा एक डबा बनवला, खऱ्या मापाचा, आणि सकाळी नऊ वाजता सतरा नंबरसमोर नेऊन ठेवला. टॅक्सी बाहेर गेली होती. वहिनी खिडकीत शिलाई मशीनवर बसली होती. ती बाहेर आली, गळ्यात टेप तसाच.

"हे काय? देवघर?"

"डबा. खोटा आहे. जागा बघायला ठेवलाय."

"आणि माझं नाव?"

"कुणालाही सांगितलेलं नाही."

तिने डब्याभोवती एक फेरी मारली. "वायर कुठून निघणार याची?"

मी माहितीपत्रक काढलं. सॉकेट पुढच्या बाजूला होतं. पुढची बाजू म्हणजे फुटपाथची. मग मी त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेलं प्लगचं माप वाचलं आणि माझे कान गरम झाले. मूठ आणि वायरीचा बाक मिळून एकोणीस सेंटीमीटर. मी डब्याचं माप घेतलं होतं, वापरात असलेल्या डब्याचं नाही. कॉलेजात एखाद्या विद्यार्थ्याने वजन न लावता स्प्रिंगची लांबी लिहून आणली असती तर मी त्याला हसले असते.

अठ्ठ्याण्णव वजा एकोणीस. एकोणऐंशी.

"किती?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"मला वाटलंच होतं. तुमच्या पत्रातलं चित्र बघून वाटलं, बाई, या डब्याला हातच नाही. शर्ट टांगलेला मोजायचा आणि घातलेला मोजायचा यात फरक असतो की नाही?"

"असतो," मी म्हटलं.

"मग आता काय होणार?"

"आता तुमची हरकत नियमात बसते."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती पायरीवर बसली. "म्हणजे गाडी जाणार," ती म्हणाली.

विभागात परत येऊन मी आमच्या इंजिनियर मॅडमना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "शेरा तू लिहिला होतास ना? मग तूच खोड. आणि पर्याय आण. नुसती चूक घेऊन माझ्याकडे यायचं नाही."

पर्याय एकच सुचत होता. दिव्याच्या खांबालाच सॉकेट बसवायचं. खांब आधीच कडेवर होते, प्लग रस्त्याच्या बाजूने लागणार, फुटपाथची वाट तेवढीच राहणार. हा विचार विभागाने आधी सोडून दिला होता, कारण खांबातून वीज कमी मिळते आणि गाडी भरायला तिप्पट वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आमच्या जुन्या वायरमनला गाठलं.

"नऊपैकी तीन खांबांना नवी जाड केबल आहे," तो म्हणाला. "चार, सहा आणि सात. बाकीच्यांना गाडी लावलीस तर गल्लीभर अंधार करशील."

सतरा नंबरला सर्वांत जवळचा खांब पाचवा. त्याची केबल जुनी, शिवाय तो लाँड्रीच्या फाटकासमोर, तिथे गाडी उभी करता येत नाही. चौथा उलट दिशेला, खूप लांब; सातवा सहाव्याच्याही पलीकडे. राहिला सहावा. मी नकाशावर पट्टी ठेवली. नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. पट्टी एकदा लावली तर पन्नासच्या आत येत होतं, दुसऱ्यांदा लावली तर बाहेर. तोपर्यंत सभेची वेळ जवळ आली होती.

हॉलमध्ये एकसष्ट माणसं आली. खुर्च्या प्राथमिक वर्गाच्या होत्या, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे छातीशी. हरकतकाका पहिल्या रांगेत, हातात लाल पेन. वहिनी आणि दादा भिंतीजवळ, दादांसाठी तिने घरून उशी आणलेली. टॅक्सीवाला मागे उभा.

मी एकेक हरकत वाचत गेले. मग सव्वीस आली. "हरकत क्रमांक सव्वीस, सतरा नंबरसमोरच्या जागेबद्दल. आधी मी ही फेटाळली होती. माझं मोजमाप चुकलं होतं. प्लग लावलेला असताना वाट एकोणऐंशी सेंटीमीटरच राहते. म्हणून ही हरकत मान्य करावी लागेल."

"फुटपाथ हा शब्द पुल्लिंगी आहे, तुमच्या पत्रात नपुंसकलिंगी होता," हरकतकाका म्हणाले. "बाकी चालू द्या."

"काका, थांबा हो जरा!" टॅक्सीवाला मागून ओरडला. "मान्य करावी लागेल म्हणजे? डबा नाही? अहो ताई, महिना संपायला अकरा दिवस आहेत. कोण आहे हा सव्वीस नंबर? माझ्याच दारातल्या जागेवर हरकत घेणारा शहाणा कोण, एकदा तोंड तरी दाखवा!"

"नाव सांगता येत नाही."

"का नाही सांगता येत? लाँड्रीवाले, तुम्ही का?"

"मी?" लाँड्रीवाला दचकला. "मला काय करायचंय? माझी तर गाडीच नाही, हातगाडी आहे!"

लोक हसले. टॅक्सीवाला हसला नाही. तो रांगांमधून पुढे येत एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "मी इथे जन्मलो. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांना फुकट स्टेशनवर सोडलंय. आणि मागून कागद टाकता?"

वहिनी उभी राहिली.

"शहाणा नाही, भाऊजी. शहाणी. तो कागद माझा आहे."

टॅक्सीवाल्याने आधी तिच्याकडे, मग दादाकडे पाहिलं.

"वहिनी? एका घरात राहतो आपण. जिना उतरून मला सांगायचं तरी."

"जिना तुम्ही उतरता, मी चढायला हवं होतं," ती म्हणाली. "आणि चढले असते, सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत? दुसऱ्या दिवशी गाडी परत देऊन आला असतात. वर म्हणाला असतात, मला तशीही नको होती. तुम्हाला मी तुमच्या पहिल्या दाढीपासून ओळखते. म्हणून ऑफिसला लिहिलं. म्हटलं, यांनी शोधावी जागा, हे त्यांचं काम. तुमच्या गाडीवर माझी हरकत नाही. यांचं कोपर धरायला मला जागा हवी."

टॅक्सीवाल्याने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. मग जवळच्या इवल्याशा खुर्चीवर बसला.

दादांनी डावा हात वर केला. त्यांना शब्द जमवायला वेळ लागायचा आणि सगळे थांबले.

"दिली... असतीस," ते भावाला म्हणाले. "परत."

"दिली असती," तो म्हणाला. "मग? चुकलं असतं का?"

"गाढव," दादा म्हणाले. हा शब्द त्यांना अजिबात अडखळला नाही.

या वेळी टॅक्सीवालाही हसला.

मी खांबाची गोष्ट सांगितली. सहावा खांब, वीज कमी, गाडी भरायला साधारण नऊ तास.

"नऊ तास चालतील," तो म्हणाला. "मी आठ झोपतो, एक तास आंघोळीला धरा. पण किती लांब आहे?"

"नकाशावर सांगता येत नाही. पन्नासच्या जवळपास. थोडं आत किंवा थोडं बाहेर."

"कंपनीवाले थोडं बाहेर मानत नाहीत. तिकडच्या एकाची गाडी बावन्न मीटरवरून नेली त्यांनी."

"मग मोजा," मॅडम म्हणाल्या. त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. "उद्या सकाळी. त्याच्या दाराच्या उंबऱ्यापासून. भोज्ज्याला शिवल्यासारखं नाही, टेप ताणून."

सकाळी साडेआठला मी पोचले तेव्हा तिघं खालीच होते: वहिनी, टॅक्सीवाला आणि वॉकर धरून दादा. पत्ता घराचा असल्याने उंबरा तळमजल्याचाच धरायचा, हे मी फोन करून कंपनीला विचारून घेतलं होतं. पलीकडच्या गॅलरीत हरकतकाका चहाचा कप घेऊन उभे होते. लाँड्रीवाल्याने फाटक उघडं ठेवलं होतं, आत इस्त्री तशीच उभी.

विभागाचा टेप तीस मीटरचा. म्हणजे दोन टप्पे.

"शून्य मी धरते," वहिनी म्हणाली आणि उंबऱ्याशी वाकली. "मशीनवर आयुष्य गेलं, माझा शून्य सरकत नाही."

टॅक्सीवाल्याने दुसरं टोक ओढत नेलं. लाँड्रीच्या फाटकापुढे तीस मीटर भरले. तिथे मी खडूने रेघ मारली. मग वहिनी रेघेशी येऊन वाकली आणि तो टेप घेऊन पुढे निघाला. त्याच्या मागून, टेपच्या शेजारून, दादा वॉकर पुढे टाकत येत होते. कोपर धरायला या वेळी मी होते.

"ढिला सोडू नका," वहिनी ओरडली. "पोटात झोळ पडलाय!"

"ओढलाय की!"

"अजून ओढा! उगाच सेंटीमीटर वाढतील!"

तो खांबाशी पोचला. टेप खांबाच्या पत्र्याला टेकवला. आकडा वाचायला गेला आणि थांबला, मला हाक मारली. "तुम्हीच वाचा, ताई. माझ्या वाचण्यावर कंपनी विश्वास ठेवायची नाही."

मी दादांना खांबाला धरून उभं केलं, गुडघ्यावर बसले आणि टेप पुन्हा ताणला. दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी वहिनीला रेघेवरचा शून्य तपासायला सांगितला. तिने बोटाने तो दाबून धरला आणि मान हलवली.

पहिला टप्पा तीस मीटर. दुसरा एकोणीस मीटर वीस सेंटीमीटर. एकूण एकोणपन्नास मीटर वीस सेंटीमीटर.