चार दिवसांचं पाणी

तीस वर्षं शाळेत शिकवून मला एक खोड लागली आहे. कुणी काही विचारलं की मी उत्तर देऊन मोकळी होते. विचारबिचार नंतर.

उचगावच्या कडेला मजुरांची चाळीसेक घरांची वस्ती आहे. तिथं प्यायला ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी. पावसाळ्यात तर ओढा कुठला आणि विहीर कुठली, तेच कळायचं नाही. गेल्या वर्षी आमच्या भजनी मंडळानं तिथं पाणी शुद्ध करायचं मशीन बसवायचं ठरवलं. टाकी चर्चच्या मंडळींनी दिली, विजेची सोय मशिदीच्या जमातीनं केली. इतकी माणसं एकत्र येऊनही भांडण असं झालं नाही. वाद झाला तो एकदाच, तोही थुंकण्यावरून.

नळाची भिंत चार दिवसांत पानानं रंगणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. चर्चच्या बाई म्हणाल्या, ‘थुंकू नये’ अशी पाटी लावू. मला हसू आलं. "पाटीला कोण भितंय? देव लावा, म्हणजे सुतासारखे सरळ येतील." मी स्वतः कोल्हापुरात महाद्वार रोडवरून अंबाबाईचं चित्र असलेली फरशी आणली आणि नळाच्या बरोबर वर सिमेंटात बसवून घेतली. खरंच कुणी थुंकलं नाही. माझी ही युक्ती पुढं किती जणांना ऐकवली, त्याला गणती नाही.

नळ सुरू झाला त्या दिवशी मी पेढे वाटत होते. वस्तीतल्या बायका जिच्या शब्दाबाहेर जात नाहीत ती धोंडुबाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, एखादी बाई अडचणीत असली तर?"

"तेवढं पाळायचं," मी म्हटलं. "देवी आहे ना वर."

एवढंच बोलले आणि पुढच्या हातावर पेढा ठेवला.

आठ महिन्यांनी कळलं की धोंडुबाईच्या सुनेला, मोनाला, कावीळ झाली आहे. सरकारी दवाखान्यात तिला बघायला गेले ती मोसंबी आणि राग दोन्ही घेऊनच. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. घरी दोन लहान पोरी सासूच्या गळ्यात. तरीही मी आवाज चढवला. "दारात चांगलं पाणी आणून दिलं, तरी तुम्ही विहिरीवर जाता? आम्ही काय हौस म्हणून राबलो?" शेजारच्या खाटेवरच्या बायका माना वळवून ऐकत होत्या.

मोना शांतपणे म्हणाली, "तुमच्याच नळाचं पितो की, ताई. फकस्त ते चार दिवस न्हाय."

"कुठले चार दिवस?"

"अडचणीचे. तुमीच आत्तीला सांगितल्यालं न्हवं?"

मला पेढ्यांचं खोकं आठवलं. ते कुठल्या हातात धरलं होतं, तेही आठवलं.

घरी येताना रिक्षात हिशेब सुटेना. पाणी भरते ती बाईच. म्हणजे ते चार दिवस सगळं घर विहिरीचं पाणी पिणार, पोरंबाळंसुद्धा. असं चाळीस घरांत, आठ महिने. आणि हे सगळं माझ्या एका वाक्यानं. मला माझीच इतकी लाज वाटली की घरी कुणाला काही सांगितलं नाही.

मंडळाच्या बैठकीत मोनाच्या काविळीचा आणि त्या चार दिवसांचा विषय निघाला. अध्यक्ष नृसिंहराव हळहळत म्हणाले, "काय करणार श्यामलाताई? तुम्ही कितीही करा, या लोकांच्या डोक्यातलं जात नाही." सगळे माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होते. तोंड उघडायची हीच वेळ होती. मी चहा ढवळला आणि म्हणाले, "हो ना."

फरशी काढून वस्तीतल्या देवळात बसवायची असं ठरलं. गवंड्यानं ती अखंड काढली. मला वाटलं, सुटले.

आठवड्यानं जाऊन बघते तर भिंतीवर सिमेंटचा चौकोन उरला होता आणि त्यावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. वर झेंडूचं फूल. विहिरीची वाट तशीच मळलेली होती.

मग मी रोज सकाळी तिथं जायला लागले. महिनाभरानं एकदा मोना दिसली. अंगात अजून ताकद नव्हती, तरी कळशी घेऊन नळाला वळसा घालून विहिरीकडे निघाली होती. नळावर रांग होती, धोंडुबाईही होती.

"मोना, इथं भर," मी म्हटलं.

"न्हाय ताई. अडचण हाय."

आता मात्र मी बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "धोंडुबाई, तुम्ही मला विचारलं होतं आणि मी चुकीचं सांगितलं. मोना माझ्यामुळं आजारी पडली. वर मंडळात मी गप्प बसले आणि सगळा दोष तुमच्यावर जाऊ दिला. असलं काही पाळू नका. अडचण असली तरी इथलंच पाणी भरा."

"तुमी मास्तरीण," धोंडुबाई म्हणाली. "तवा सांगितलं ते खरं धरलं. आता ह्ये सांगताय. कुटलं धरायचं आमी?"

सवयीनं मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

मोना पुढं झाली. तिनं कळशी जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकली. "तुमीच भरा," ती म्हणाली. "आनि खाली ठिवू नगा. माझ्या हातात द्या."

मी कळशी भरली. उचलून तिच्यासमोर उभी राहिले. तिनं दोन्ही हात पुढं केले. आणि माझे हात थांबले. क्षणभरच. माझ्या आईनं तसं शिकवलं होतं आणि सुनेला मी तसंच शिकवलं आहे: त्या दिवसांत भांडं खाली ठेवायचं, समोरचीनं ते उचलायचं. हाताला हात लावायचा नाही. वस्तीला अक्कल शिकवायला आलेल्या माझ्या हातांना ते अजून पाठ होतं.

मी कळशी दिली. तिची बोटं माझ्या बोटांना लागली, गरम होती. पण तोवर मोनानं बघितलं होतं, आणि रांगेतल्या सगळ्यांनीही.

"तुमालाबी जड जातंय की, ताई," मोना म्हणाली. त्यात राग नव्हता. तिनं कळशी कमरेवर घेतली आणि घराकडं चालू लागली. रांगेच्या मागं एक बाई रिकामी घागर घेऊन बाजूला उभी होती. तिनं माझ्या हातांकडं बघितलं आणि ती विहिरीच्या वाटेला लागली.