कल्लप्पांचं एक बोट

परीक्षेला पाच दिवस उरले होते आणि सिद्धेश्वरी एकाच प्रश्नावर अडली होती. कनिष्ठ अभियंत्याच्या मागच्या पेपरातही तिनं तो कोरा सोडला होता. चॅनेलच्या, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारख्या लोखंडी तुळईचं शिअर सेंटर कुठं असतं?

उत्तर पाठ होतं. ते चॅनेलच्या पाठीमागं, म्हणजे उभ्या बाजूच्या पलीकडे, बाहेर असतं. तिथून भार गेला तर तुळई नुसती वाकते, पिळत नाही. पण जिथं लोखंडच नाही तिथं वजन टांगायचं कसं? न पटलेलं लिहायला तिचा हात वळत नसे. हा हट्ट वडिलांकडून आलेला.

आप्पा, म्हणजे कल्लप्पा, जाऊन अकरा महिने झाले होते. अक्कलकोट रोडवरची त्यांची ग्रिलची शेड आता त्यांचे जुने कारागीर सोमलिंगकाका चालवत. सकाळी ती त्यांना चहा द्यायला गेली, तर भिंतीतून पुढं आलेल्या चॅनेलला रंगवायचं ग्रिल टांगलेलं. ते लोंबत होतं चॅनेलच्या पाठीला जोडलेल्या पट्टीच्या भोकातून. आतल्या, उघड्या बाजूला दुसरी पट्टी नुसतीच गंजत होती.

ती दुसरी पट्टी तिचीच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिनं आप्पांना सुनावलं होतं, की वजन गुरुत्वमध्यातूनच टांगायला हवं आणि तो आतल्या बाजूला असतो. आप्पांनी हातातलं काम ठेवून लेक म्हणेल तिथं पट्टी जोडली. ग्रिल टांगताच रुसलेल्या पोरानं मान फिरवावी तसा चॅनेल पिळला आणि ओला निळा रंग भिंतीला घासला. ती रेघ आप्पांनी कधी पुसू दिली नाही. गिऱ्हाइकांना दाखवत, "ही आमच्या इंजिनेरबाईंची सही."

आज तिनं काकांकडून ग्रिल आतल्या पट्टीला टांगून घेतलं. चॅनेल फिरला. परत पाठीमागं टांगलं, सरळ झाला. ती बघत राहिली. वरच्या आडव्या बाजूतलं बळ एका दिशेला, खालच्या बाजूतलं उलट. दोघं मिळून चॅनेलला पीळ घालतात. वजन पाठीमागं सरकलं की त्याचा पीळ विरुद्ध पडतो आणि दोन्ही पीळ एकमेकांना खोडतात. तिथं लोखंड नसलं तर पट्टी जोडायची, एवढंच.

चॅनेल शंभर मिलिमीटर उंच, पन्नास रुंद. गणित पाठीपासून पावणेएकोणीस मिलिमीटर सांगत होतं. मोजपट्टी धरली तर भोक एकोणीसवर.

"काका, आप्पा हे मोजायचे कसं?"

"मोजायचं काय त्यात? पाठीला बोट लावायचं, बोटाच्या कडंला भोक. ह्याला एक बोट, मोठ्या चॅनेलला दीड."

"कुणी शिकवलं त्यांना?"

"कुणी न्हाय. वाकडं झालं की सरकवायचं, सरळ झालं की थांबायचं. लई चॅनेल वाया घालवलेत त्यानं."

तिनं आपलं बोट पाठीला लावून पाहिलं. बारीक पडलं.

रविवारी पेपरात दीडशे बाय पंचाहत्तरचा चॅनेल आला. कच्च्या कामाच्या पानावर तिनं आधी लिहिलं, दीड बोट, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस. मग सूत्र मांडलं. अठ्ठावीस मिलिमीटर आले.