मैद्याची खळ

पिंप्राळ्यातल्या त्या घरात डक्ट कूलरची निम्मी हवा पत्र्याच्या सैल जोडांतून माळ्यावरच वाया जायची. "फॉइल टेप लावू या," विधी म्हणाली, तर सासरे प्रकाशचंद तिच्यावर खेकसले, "मला अक्कल शिकवू नकोस!" त्यांनी मैद्याची खळ शिजवली आणि जोडांवर फडकी चिकटवली. सकाळी डक्टभर मुंग्या!

"कूलर लावला तर जीव मरतील. बंद ठेवा!" प्रकाशचंदांनी फर्मावलं. जैनांच्या घरात यावर कोण तोंड उघडणार? विधी भर मे महिन्यात धुमसत राहिली.

एका दुपारी घामाने निथळणारे प्रकाशचंद गुपचूप बटणाकडे सरकले. विधी आडवी उभी राहिली.

"हात लावायचा नाही, पप्पाजी. आत जीव आहेत."