सालीखालची चेटकीण

चाळीस वर्षं मी जंगलखात्यात काढली, तेव्हा चेटकिणीबिटकिणी मला कुणी शिकवू नयेत. शुमावाच्या डोंगररानातल्या आमच्या गावात मे लागायच्या आदल्या दिवशी चौकात स्प्रूसचा, म्हणजे सुईसारख्या पानांच्या उंच झाडाचा, खांब उभारतात. शेंड्याची हिरवळ ठेवायची, खालची साल सगळी सोलायची. का, तर सालीखाली चेटकीण भुंगा होऊन लपते म्हणे.

यंदाचं झाड माझं. आसपासचं रान भुंगेऱ्यांनी खाल्लं. उरले ते माझ्या बायकोनं, हेडविकानं, ओढ्याकाठी लावलेले बारा स्प्रूस. ती जाऊन तीन वर्षं झाली. एक झाड द्यायचंही जिवावर आलं होतं, तरी पाडून चौकात आणलं. त्यात कंबर धरलेली. मी म्हणालो, "यंदा साल राहू द्या. झाड हिरवंगार आहे, चेटकिणी दुसरीकडे बघतील घर."

"व्हेंडेलिन," चौऱ्याऐंशी वर्षांची लुडविकामावशी म्हणाली, "कंबर तुझी दुखतेय, चेटकिणीला कशाला मध्ये घेतोस? धर सुरा."

धरला. तिच्यापुढे कुणाचं चाललंय?

हातभर साल निघाली आणि माझा हात थांबला. आत बोगदेच बोगदे, त्यांत सुस्त पडलेले भुंगेरे, आणि पांढऱ्या लाकडावर शाई सांडावी तसे निळे पट्टे. ही निळी बुरशी भुंगेराच अंगावर घेऊन येतो. ती झाडाचं पाणी तोडते. शेंडा हिरवा, पण झाड आतून गेलेलं. ओढ्याकाठी हेडविकाची अकरा झाडं उरली होती.

"बघत काय बसलास?" मावशी म्हणाली. "ऊन तापलं की उडून बाकीच्या झाडांवर जातील मेले."

खांब तिथंच टाकून अख्खं गाव कुऱ्हाडी घेऊन ओढ्यावर. एकेक बुंधा पाहिला. एकाच्याच सालीखाली भुंगेरे निघाले. तोही पाडला, सोलला.

संध्याकाळी दरवर्षीसारखी चिंध्यांची चेटकीण आगीत गेली. तिच्यावर मी दोन्ही झाडांची साल रचली, कपचीही मागे ठेवली नाही. चौकात निळ्या पट्ट्यांचा खांब उभा होता. शेजारच्या गावाला वर्षभर हसायला विषय मिळाला, हसू देत.

मावशीनं बिअरचा मग माझ्या हातात दिला. "काय साहेब, असते का चेटकीण?"

"असते, मावशी. सहा पायांची."

"मग हेडविकाला सांग, तिची दहा राखली म्हणून."

दफनभूमी घराच्या वाटेवरच आहे. सांगून आलो. साल सोलायला मी नाही म्हणालो होतो, तेही सांगितलं.