दाजींच्या तोंडाचा वास

“रोज किती पिता?” डॉक्टरांनी विचारलं.

“कधीच नाय, सायेब,” दाजी म्हणाले आणि साक्ष द्यावी म्हणून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

रंगनाथदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, बयाक्काचे यजमान. लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचे. आवाज असा, की ट्रॅक्टरही गप्प व्हावा. पण जेवले की पोटात कळ उठून थेट पाठीत जायची आणि हा गडी कांद्याच्या गोणीवर पोट दाबून ओणवा पडायचा. वाळून निम्मे झाले. भरदुपारी गोणीवर पडलेला माणूस बघून गावानं काय ते ठरवून टाकलं. आम्हीही.

रोज संध्याकाळी अक्का उंबऱ्यात उभी राहून म्हणायची, “हा करा.” दाजी मुकाट्यानं तोंड उघडायचे. सहा वर्षं! दारूचा वास एकदाही आला नाही, कांद्याचा मात्र रोज यायचा. कांद्यानं दारूचा वास मरतो, हे शहाणपण तिला मीच शिकवलं होतं. लासलगावात कांदा न खाणारा माणूस कुठून आणायचा, हे मला तेव्हा सुचलं नाही.

एक्याऐंशी साली मी त्यांना नाशिकला आणलं, खरं तर दारू सोडवायला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. जठरामागच्या ग्रंथीत, स्वादुपिंडात, पांढरे खडे दिसत होते.

“न पिणाऱ्यांनाही होतं हे. ग्रंथीतली नळी उभी उघडून खडे काढू, मग तिला आतडं जोडू. कळ बहुतेक जाईल. पण ऑपरेशन मोठं आहे, विचार करून सांगा.”

“पयलं वाक्य आमच्या मंडळींना सांगाल का, सायेब?” दाजी म्हणाले. “मंग काय कापायचं ते कापा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या अक्काला आत बोलावून सांगितलं. बाहेर येऊन ती मला म्हणाली, “तू बोलू नको माझ्याशी.” ऑपरेशन चार तास चाललं. तेवढा वेळ ती खरंच बोलली नाही.

तीन आठवडे पेजेवर काढून दाजी घरी आले. उंबऱ्याशी थांबले आणि सवयीनं तोंड उघडलं.

अक्काच्या हातात दुधात कुस्करलेली भाकरी होती. तिनं वास घेतला नाही. घास भरवला.

दाजींनी तो गिळला आणि पोटावर हात ठेवून तिथंच बसले. कळ येते का, याची आम्ही तिघं वाट बघत होतो. बराच वेळ गेला.

मग दाजींनी पुन्हा तोंड उघडलं.